तारण उताऱ्याचे की श्रमाचे?

(शहरी श्रमिकांच्या घरकर्जाच्या प्रश्नावर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहरातल्या गरिबाला घर का मिळत नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका वाक्यात दिले जाते : जमीन महाग आहे आणि गरिबाचे उत्पन्न तुटपुंजे आहे. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. जमीन मध्यमवर्गीयालाही महागच पडते. तरीही तो घर घेतो. कारण उद्याची कमाई त्याला आज वापरता येते. वीस वर्षांच्या पगारातून जे फिटायचे ते त्याला आज एकरकमी मिळते. या सोयीचे नाव पत. नाक्यावर उभा राहणारा मजूर, चार घरची धुणीभांडी करणारी स्त्री, हातगाडीवाला, रिक्षाचालक हेही वीस वर्षे कमावणारच असतात. परंतु त्यांची उद्याची कमाई कोणी जमेस धरीत नाही. त्यांनी आज हातात असेल तेवढ्यावर भिंत उभारावी, नाहीतर सावकाराची पायरी चढावी. म्हणून घराचा प्रश्न जसा जमिनीचा आणि वेतनाचा आहे, तसाच तो पतपुरवठ्याचाही आहे. समाजवादी चळवळीने पहिल्या दोन बाजूंवर पुष्कळ लढे दिले. तिसरी बाजू मात्र बँकांच्या हिशेबनिसांवर सोपवून दिली.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने 2012 मध्ये देशातील शहरी घरांची तूट 1 कोटी 87 लाख 80 हजार इतकी काढली. या तुटीपैकी सुमारे 96 टक्के तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांची होती. त्याच सुमारास, 2011 च्या जनगणनेत, शहरांतील सुमारे 1 कोटी 10 लाख घरे रिकामी असल्याची नोंद झाली. एकीकडे कुलूपबंद घरे आणि दुसरीकडे दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे, असे हे चित्र आहे. त्याच गटाच्या हिशेबाने तुटीचा सुमारे चार पंचमांश भाग हा दाटीवाटीचा होता. म्हणजे डोक्यावर छप्पर आहे, पण ते पुरत नाही. या गोष्टीचा पतपुरवठ्याशी निकटचा संबंध आहे. गरिबाची गरज दर वेळी नव्या सदनिकेचीच असते असे नाही. पत्रा काढून स्लॅब टाकायचा असतो, पोटमाळा चढवायचा असतो, संडास बांधायचा असतो, पावसाळ्यापूर्वी जोते उंच करून घ्यायचे असते. त्याला पन्नास हजार, एक लाख, फार तर दोन-अडीच लाख हवे असतात. आणि नेमके एवढेच कर्ज कोणतीही बँक घरासाठी म्हणून सहजासहजी देत नाही. लहान कर्जाची कागदपत्रे मोठ्या कर्जाइतकीच लागतात, तपासणीला तेवढाच वेळ जातो, आणि व्याज मात्र थोडे मिळते, हा त्यांचा हिशेब असतो.

हा प्रश्न किती नजीकचा आहे, हे मुंबईच्या एका उदाहरणावरून दिसेल. 1 जानेवारी 2000 पर्यंतच्या झोपडीधारकांना पुनर्वसनाचे घर विनामूल्य मिळते. त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंत आलेल्यांनी घरापोटी 2.5 लाख रुपये भरावेत, असे राज्य शासनाने 2023 मध्ये ठरविले. मुंबईतील घरांच्या किमती पाहता ही रक्कम नाममात्र वाटेल. परंतु ती आणायची कोठून? द. सा. द. शे. 9 दराने दहा वर्षांच्या मुदतीचे बँकेचे कर्ज मिळाले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 3,170 रुपये बसतो. नवरा-बायको दोघे मिळून अठरा-वीस हजार कमावणाऱ्या कुटुंबाला तो जड वाटला, तरी झेपतो. सूक्ष्मवित्त कंपनीकडून द. सा. द. शे. 24 दराने दोन वर्षांसाठी एवढीच रक्कम उभी केली, तर हप्ता 13,200 रुपयांच्या घरात जातो. आणि वस्तीतल्या सावकाराकडून दरमहा शेकडा पाचाने घेतली, तर नुसते व्याजच दरमहा 12,500 रुपये होते. मुद्दल होते तेथेच राहते. घर तेच, माणूस तोच, रक्कमही तीच. बदलतो तो फक्त कर्जाचा दरवाजा. आणि एका दरवाजातून शिरणारा दहा वर्षांनी घराचा मालक होतो, तर दुसऱ्यातून शिरणारा दोन वर्षांत घर विकून पुन्हा नाल्याकाठी जातो. पुनर्वसनातली घरे गरीब माणूस विकून टाकतो, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

बँकेचा दरवाजा गरिबाला का उघडत नाही? तेथे तीन गोष्टी मागितल्या जातात. पहिली पगाराची चिठ्ठी किंवा प्राप्तिकराचे विवरणपत्र. दुसरी जागेच्या मालकीचा निर्वेध उतारा आणि मंजूर नकाशा. तिसरी भरवशाचा जामीनदार. शहरी श्रमिकापाशी यांपैकी एकही नसते, आणि त्यात त्याचा दोष काहीच नाही. पगाराची चिठ्ठी नाही, कारण मालक आणि मुकादम त्याची नोंदच ठेवीत नाहीत. उतारा नाही, कारण शहराने त्याचे श्रम घेतले पण त्याला कायदेशीर जागा दिली नाही. गुंठ्या-दोन गुंठ्यांत घर बांधून राहिलेल्यांची बांधकामे नियमित करण्यासाठी महाराष्ट्रात 2001 मध्ये स्वतंत्र गुंठेवारी कायदा करावा लागला, यावरूनच या अनिश्चिततेचा विस्तार ध्यानात यावा. आणि जामीनदार नाही, कारण त्याचे सगळे आप्तेष्ट त्याच्याच परिस्थितीत असतात. अन्यायाने जे हिरावून घेतले, तेच पुरावा म्हणून मागायचे, अशी ही रीत आहे.

गेल्या अर्धशतकात या देशात घरांसाठी पतपुरवठ्याच्या संस्था उभ्या राहिल्या नाहीत असे नाही. 1969 मध्ये 14 मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. 1970 मध्ये हुडको स्थापन झाली. 1977 मध्ये हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने एचडीएफसी उभी राहिली. 2023 मध्ये ती आपल्याच बँकेत विलीन झाली. 1988 मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली. या सर्वांमुळे गृहकर्ज ही मध्यमवर्गाच्या घरातली नित्याची गोष्ट झाली, हे यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु या प्रवाहाची दिशा सतत वरच्या बाजूस राहिली. बँकांनी आपल्या कर्जांपैकी 40 टक्के अग्रक्रम क्षेत्राला द्यावीत, हा राष्ट्रीयीकरणाच्या विचारातून आलेला नियम आजही आहे. त्यात शेतीला उपलक्ष्य आहे, अल्प व अत्यल्प भूधारकांना आहे, सूक्ष्म उद्योगांना आहे. घरांसाठी मात्र असे उपलक्ष्य नाही. उलट 1 एप्रिल 2025 पासून 50 लाखांहून अधिक लोकवस्तीच्या महानगरांत 50 लाख रुपयांपर्यंतचे गृहकर्ज अग्रक्रमात धरले जाते. पन्नास लाखांचे एक कर्ज आणि एक-एक लाखाची पन्नास कर्जे हिशेबात सारखीच मोजली जाणार असतील, तर बँकेचा अधिकारी कोणता मार्ग पत्करील, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

अनुदानाची कथाही याहून वेगळी नाही. 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात व्याजाच्या सवलतीचा एक घटक होता. 2017 पासून तो मध्यम उत्पन्न गटालाही लागू झाला, आणि वर्षाला 18 लाख रुपये मिळविणाऱ्या कुटुंबालाही 2.30 लाख रुपयांपर्यंत लाभ मिळू लागला. त्याच योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या दुर्बल घटकातील कुटुंबाला केंद्राचे अनुदान होते 1.50 लाख. मध्यम गटाची ही सवलत 2021 मध्ये संपली. 2024 च्या दुसऱ्या टप्प्यात उत्पन्नाची मर्यादा 9 लाखांवर आणली गेली, आणि कमाल लाभ 1.80 लाख ठरवून तो पाच वार्षिक हप्त्यांत देण्याचे ठरले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु मूळ दोष तसाच राहिला. व्याजाची सवलत कर्जाच्या मागोमाग चालते. ज्याला बँकेने कर्जच दिले नाही, त्याला सवलत कशाची मिळणार? शिवाय जुनी करपद्धती निवडणाऱ्याला राहत्या घराच्या कर्जावरील व्याजापोटी वर्षाला 2 लाखांपर्यंत वजावट मिळते. 30 टक्के कराच्या पायरीवर असलेल्याचे त्यात वर्षाला 60 हजार रुपये वाचतात. हेही अनुदानच आहे. केवळ ते मागण्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही, एवढाच फरक.

आणि गरिबाची बचत तरी कोठे जाते? 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिच्या कर्जांचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे उघडकीस आले. लहान ठेवीदारांनी पोटाला चिमटा घेऊन ठेवलेला पैसा बिल्डरला घरे बांधायला मिळाला. त्या ठेवीदारांपैकी कोणी लाखभर रुपयांसाठी खेटे घातले असते, तर त्याला उतारा मागितला गेला असता. सहकार हा शब्द पाटीवर असला म्हणजे पैशाची दिशा बदलतेच असे नाही.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी फार दूर जायला नको. महाराष्ट्राच्याच ग्रामीण इतिहासात तिचे एक उत्तर आहे. रिझर्व्ह बँकेने 1951 मध्ये हाती घेतलेल्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल गोरवाला समितीने 1954 मध्ये दिला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम 3 टक्के आहे आणि बाकीचा बहुतांश सावकारांचा आहे, असे तिला आढळले. त्या पाहणीनंतर पीक कर्जाचे तत्त्व रुजले : कर्जाचा आधार जमिनीची मालकी हा नसून येणारे पीक हा असावा, हंगामाला लागेल तेवढे कर्ज मिळावे, आणि पीक विकले की ते फिटावे. या तत्त्वाची अंमलबजावणी सदोष झाली, कुळे आणि भूमिहीन तिच्या कक्षेबाहेर राहिले, हे खरे. पण तत्त्व म्हणून ती क्रांती होती. पतीचा पाया मालमत्तेवरून उत्पादनाकडे सरकला होता.

शहरी श्रमिकाच्या बाबतीत हे पाऊल कधी टाकलेच गेले नाही. त्याचे पीक म्हणजे त्याचे श्रम. ते रोज निघते आणि रोज विकले जाते. मग त्याच्या घरकर्जाचा आधार जागेचा उतारा का असावा? त्याची कमाई, त्याची वस्तीतली राहणूक, भिशीत वर्षानुवर्षे न चुकता भरलेली रक्कम, हा आधार का नसावा? या प्रश्नाचे उत्तर काही ठिकाणी कष्टकरी स्त्रियांनी कृतीने दिलेले आहे. 1974 मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांच्या नेतृत्वाखाली सेवा बँक उभी राहिली; तिने भाजीवाल्या आणि विड्या वळणाऱ्या स्त्रियांना त्यांच्या बचतीच्या भरवशावर घरदुरुस्तीसाठीही लहान कर्जे दिली. मुंबईत 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला आणि पदपथावरील हजारो कुटुंबांवर विस्थापनाची तलवार टांगली गेली. त्यानंतर भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रिया महिला मिलन या नावाने एकत्र आल्या आणि दोन-पाच रुपयांची बचत करू लागल्या. ज्यांना पत्ताच नव्हता, त्यांनी पत निर्माण केली.

महाराष्ट्रातला याहून मोठा दाखला सोलापूरचा आहे. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांच्या गोदूताई परुळेकर सहकारी गृहनिर्माण संस्थेची 10,000 घरे उभी राहिली. 2006 मध्ये त्यांचे लोकार्पण झाले. घराचा खर्च 60,000 रुपये होता. त्यातले 20,000 केंद्राचे, 20,000 राज्याचे आणि 20,000 कामगार स्त्रीचे. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनेने त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. पुढे असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचा रे नगर प्रकल्प तेथेच हाती घेण्यात आला; त्यातली 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये कामगारांना मिळाली. या चळवळीचा झेंडा वेगळा आहे म्हणून तिच्याकडून शिकण्यात संकोच करण्याचे कारण नाही. तिचे तीन धडे आहेत. शासनाचा वाटा आधी आला, त्यामुळे कामगाराचा वाटा आटोक्यात राहिला. शासनापुढे एकटी स्त्री गेली नाही, संस्था गेली. आणि संस्थेच्या पाठीशी संघटना होती, म्हणून फाईल टेबलावर पडून राहिली नाही. अर्थात सोलापूरच्या वेशीवरची जमीन आणि मुंबई-पुण्याची जमीन यांची तुलना होऊ शकत नाही, याचेही भान हवे. जेथे जमीन महाग, तेथे सार्वजनिक जमीन संस्थेला भाडेपट्ट्याने मिळाल्याखेरीज कोणतेही कर्ज पुरणार नाही.

या विचाराला दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातात. बँकवाले म्हणतात, गरीब कर्ज बुडवितो. ज्या देशात बड्या उद्योगांची लक्षावधी कोटींची थकीत कर्जे निर्लेखित होतात, तेथे हा आक्षेप गरिबाच्या नावे घेतला जावा, हे विशेषच. तरीही त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. नाक्यावरच्या मजुराचे काम पावसाळ्यात बसते. चार महिने अर्धपोटी राहणाऱ्याकडे बारा महिने सारखा हप्ता मागितला, तर तो थकणारच. हप्ता कमाईच्या चालीने बांधला, आठवड्याला थोडा आणि पावसाळ्यात कमी असा ठेवला, तर थकबाकीचे एक मोठे कारण नाहीसे होते. राहिलेली जोखीम उचलण्यासाठी 2012 पासून हमी निधीही अस्तित्वात आहे. 2024 मध्ये त्याची रक्कम 1,000 कोटींवरून 3,000 कोटी करण्याचे ठरले. निधी आहे, तो वापरण्याची सक्ती नाही.

दुसरा आक्षेप चळवळीच्या आतून येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. गरिबाला कर्जाच्या पाशात ओढणे हे भांडवलशाहीचेच काम नव्हे काय? 2008 मध्ये अमेरिकेत हेच झाले : न झेपणारी कर्जे गरिबांच्या गळ्यात घालून त्यांचे कागद बाजारात विकले गेले आणि लाखो कुटुंबे रस्त्यावर आली. 2010 मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या वसुलीने असाच हाहाकार माजविला. हा इशारा विसरता येणार नाही. कर्ज हे वेतनाला पर्याय नाही आणि सार्वजनिक जमिनीलाही पर्याय नाही. जेथे उत्पन्नच पोटापुरते नाही, तेथे भाड्याचे सार्वजनिक घर हेच न्याय्य उत्तर आहे. परंतु संस्थात्मक कर्ज नाकारल्याने गरीब कर्जमुक्त राहत नाही. तो फक्त महागड्या कर्जाकडे ढकलला जातो. प्रश्न कर्ज असावे की नसावे हा नाही. ते कोणत्या अटींवर, कोणाच्या हाती आणि कोणाच्या देखरेखीखाली असावे, हा आहे.

यावरून मागण्या सुस्पष्ट होतात. अग्रक्रम क्षेत्रातील गृहकर्जांचा ठरावीक हिस्सा 5 लाखांखालील कर्जांसाठी राखला जावा. व्याजात सवलत देण्याऐवजी शासनाचा वाटा आरंभीच भरून मुद्दल कमी केले जावे. कर्ज एकट्यादुकट्याला न देता बचत गटाला किंवा गृहनिर्माण संस्थेला द्यावे, आणि जमिनीचा भाडेपट्टा संस्थेच्या नावे असावा. म्हणजे एकाचा हप्ता चुकला तर संस्था सांभाळून घेईल आणि घर सट्टेबाजाच्या हाती जाणार नाही. 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकेला न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याची मुभा दिली आहे. हा कायदा 1 लाखापर्यंतच्या कर्जांना लागू होत नाही. अल्प उत्पन्न गटाच्या राहत्या घरासाठी ही मर्यादा वाढविली पाहिजे. आणि कामगार कल्याणाचे निधी घरांकडे वळले पाहिजेत. बांधकामाच्या खर्चावर 1996 च्या कायद्याने उपकर बसला, त्यातून मंडळांकडे मोठा निधी जमला. पण शहर बांधणारा मजूर अजून पत्र्याखालीच आहे. विडी कामगारांच्या कल्याणासाठी 1976 पासून असलेला उपकर तर 2017 मध्ये वस्तू व सेवा कराच्या ओघात रद्दच झाला. एक निधी पडून राहतो आणि दुसऱ्याचा झराच आटतो, यावर विधिमंडळात आणि रस्त्यावरही आवाज उठला पाहिजे.

परंतु मागण्यांचे निवेदन तहसील कचेरीत देऊन कार्यकर्त्याचे काम संपत नाही. पीक कर्ज शेतकऱ्यापर्यंत पोहोचले, कारण गावोगावी विविध कार्यकारी सोसायट्या होत्या. वस्तीत तशी संस्था नाही. ती बांधणे हे चळवळीचे काम आहे. प्रत्येक वस्तीत बचत गटाची वही नियमित भरली गेली पाहिजे, कारण उद्या तीच पगाराच्या चिठ्ठीची जागा घेईल. वीजबिल, शिधापत्रिका, करपावती, मतदारयादीतील नोंद यांची संचिका घरटी तयार झाली पाहिजे. घर नोंदविताना स्त्रीचे नाव पुढे असले पाहिजे. कोण कोणत्या दराने कोणाचे देणे लागतो, याची पाहणी कार्यकर्त्यांनीच करावी. वस्तीतल्या सावकारीचा हिशेब एकदा कागदावर आला की बँकेच्या व्यवस्थापकापुढे बसून बोलणे सोपे जाते. हे काम सभेतल्या भाषणाइतके आकर्षक नाही. त्यात टाळ्या नाहीत, हारतुरे नाहीत. पण गरिबाचा शब्द बँकेत मानला जाऊ लागणे, हीसुद्धा सत्तेच्या वाटपाचीच गोष्ट आहे.

मुंबईत ज्या कुटुंबांना अडीच लाख भरायचे आहेत, त्यांच्यापासूनच आरंभ करता येईल. त्यांच्या याद्या पात्रता ठरत जाईल तशा प्रसिद्ध होतील, आणि याद्या लागल्या की सावकाराचा माणूस दारात उभा राहील. त्याच्या आधी तेथे कार्यकर्ता पोहोचतो की नाही, यावर अनेक घरांचे भवितव्य ठरणार आहे.